चार पौंड

टॉडमॉर्डनला, कालव्याच्या वरच्या अंगाला
पाटीवर मेंढा रंगवलेला एक पब आहे.
त्याच्या माडीवर दर दुसऱ्या गुरुवारी
पत्र्याचा डबा घेऊन मी दाराशी बसायचे.
चार पौंड तिकीट, पेन्शनरांना तीन,
क्लिफर्डला फुकट, कारण खुर्च्या तो मांडायचा.
माझे चार मी स्वतःच डब्यात टाकायचे, नेमानं.

हेस्टर गारसाइड तिथं एकवीस वर्षं गायली.
साथीला कुणी नाही. एक हात कानावर,
डोळे मिटलेले, टाच फळीवर.
गिरणीतल्या पोरींची गाणी, पाणी शिरलेल्या खाणीचं,
आणि त्या शिंप्याचं, ज्याची बायको
मिठाच्या गाडीवाल्याबरोबर गेली.
मी या गावात नवी होते तेव्हा
खाटकाचं इंग्रजी मला कळत नव्हतं,
हेस्टरचं कळायचं.
पान वाढल्यासारखे शब्द ठेवायची ती:
वर मीठ, डावीकडे चटणी, उजवीकडे भाजी.
अंधारातसुद्धा हात बरोबर जायचा.

मग बासष्टाव्या वर्षी
मँचेस्टरहून तिनं तीन माणसं आणली.
एक पियानोवाला,
एक डबल बास खांद्यावर घेऊन जिन्यात अडकलेला,
आणि लेनक्स नावाचा पोरगेला ड्रमर.
काठ्यांऐवजी त्याच्या हातात तारेचे ब्रश.
"भिंती रंगवणार की काय?" क्लिफर्ड म्हणाला.
सगळे हसले. मीही.

गाणं तेच होतं. शिंपी तोच, गाडी तीच.
पण 'गेली' हा शब्द
यायचा तिथं आलाच नाही.
काळोखात जिना उतरताना
नसलेल्या पायरीवर पाय टाकावा
तशी सबंध माडी धसकली.
आणि शब्द आला, सम टळून गेल्यावर,
दारात चपला काढत, सावकाश,
उशिराची काहीच लाज नसलेला.

डोरीननं विणकाम पिशवीत कोंबलं.
मागून नॉरिस ओरडला, "सरळ गा की, बाई!"
"सरळ एकवीस वर्षं गायले, नॉरिस.
तू झोपायचास."
"मी डोळे मिटून ऐकायचो," नॉरिस म्हणाला,
आणि त्याला खरंच लागलं होतं.
क्लिफर्ड आपला मग उचलून खाली गेला,
प्रत्येक पायरीवर मुद्दाम पाय आपटत.

मला आला तो राग होता, दुःख नव्हे.
मी एक अख्खं गाव मागे टाकून आलेली,
तर इथलं निदान एक काहीतरी
जागचं हलू नये, असं धरून चालले होते.
ते काम मी हेस्टरवर सोपवलं होतं,
तिला न विचारता.

शेवटच्या कडव्याआधी सगळं थांबलं.
बास थांबला. पियानोवाल्यानं हात मांडीवर ठेवले.
त्या शांततेत मी डबा उघडला
आणि माझे चार पौंड परत घेतले.

हेस्टर जाऊन वर्ष झालं त्या हिवाळ्यात
धर्मादाय दुकानात एक सीडी सापडली,
पन्नास पेन्सला, कुणाच्या तरी कॉफीचा डाग असलेली.
त्या रात्री माडीवर कुणी टेप लावला होता
हे मला माहीतच नव्हतं.
शिंप्याचं गाणं पाचवं.
डोरीनची पिशवी ऐकू येते.
जिन्यावर क्लिफर्ड, नीट मोजता येईल असा.
मग काहीच नाही.
मग डब्याचं झाकण,
आणि तळहातावर एक, दोन, तीन नाणी.
चौथं बोटातून निसटलेलं, जरा उशिरा, फरशीवर.

लेनक्सनं ते खाली पडू दिलं नाही.
गरगरणाऱ्या नाण्याला त्यानं झांजेवर ब्रशनं उचललं,
फिरवलं, आणखी फिरवलं,
आणि त्यावरूनच हेस्टर आत आली,
गाता गाता हसत.
हसू अगदी स्पष्ट आहे.

डबा आता क्लिफर्डच्या मुलीकडे असतो.
पैसे मी अजून परत टाकलेले नाहीत.