नाशपातीचा पाय

पाचव्या दिवशी वेंडेल माझ्या दारात आला,
टोपी हातात, बुटांना बर्फ.
नाशपातीचं लाकूड हवं होतं, म्हणाला,
मनगटाएवढं जाड, हातभर लांब.
कशाला, ते त्यानं सांगितलं नाही
आणि मी विचारलं नाही.
लुत्साच्या दिवसापासून रोज एका दारी
एकच लाकूड मागत फिरणारा सुतार
काय जोडतोय, ते तिसाकाठच्या आमच्या गावात
पाळण्यातलं पोरही सांगेल.

तेरा झाडांची तिवई.
दिवसाला एक तुकडा, शेवटच्या दिवशी दोन.
खिळा चालत नाही, खुंट्या-पाचरीही लाकडाच्याच,
घाई केली की सगळं फुकट.
नाताळच्या आदल्या रात्री चर्चमध्ये
मागच्या खांबाशी तिच्यावर उभं राहायचं,
मग गावातल्या चेटकिणींची शिंगं दिसतात.
दिसली की पळत सुटायचं, खसखस उधळत.
दाणा न् दाणा वेचल्याशिवाय
चेटकीण पुढं सरकत नाही म्हणे.

त्याची गाय सप्टेंबरात आटली,
एतेल ऑक्टोबरात गेली.
गाय चौदा वर्षांची होती. एतेलच्या छातीत पाणी झालेलं.
पण दोन घाव बसले की माणूस
मारणारा हात शोधतो,
आणि विहिरीपलीकडे एकटी राहणारी बाई
आयतीच असते.

ओली फांदी देऊ शकले असते,
चार दिवसांत तडकली असती.
माळ्यावर एक होती, तीन उन्हाळे वाळलेली,
सरळ रेषेची, नवऱ्यानं माझ्या लाटण्यासाठी राखलेली.
तीच दिली.
सुताराच्या हाती वाईट लाकूड ठेवणं
मला जमत नाही.
त्यानं बोटानं टिचकी मारून आवाज ऐकला
आणि एकदाच मान हलवली.

त्या रात्री प्रार्थनेत माझ्या मानेला कळत होतं.
डोक्यावरचा रुमाल दोनदा नीट केला.
मग घंटा वाजत असताना वळूनच पाहिलं.
खांबाला धरून तो वर उभा,
पॉप्लरचा पाय करकरत होता, तुतीचा कलला होता,
माझा ताठ.
त्याचं तोंड उघडं, हात खिशात.
काय दिसलं त्याला, कुणालाच बोलला नाही.
उडी मारली, तिवई काखेत घेतली आणि गेला.

पहाटे बर्फावर, चर्चपासून त्याच्या फाटकापर्यंत,
काळी-निळी बारीक रेघ.
उधळलेली नव्हती.
खिसाच उसवला होता.
एतेल असती तर शिवून दिला असता.
मी पदर सावरावा तसा एप्रन खोचला, खाली बसले,
आणि वाटीभर वेचली. बघणाऱ्यांनी बघितलं.
खसखशीचा भाव मला विचारा.

तिवई जाळून टाकावी लागते.
दुपारी त्याच्या धुराड्यातून आधी पाइन आला,
मग बाभूळ, कडवट, मग अक्रोड.
खसखशीची गुंडाळी वळता वळता
मी पिठाच्या हातानं दोनदा दार उघडून हुंगलं.
नाशपाती जळताना गोडसर वास येतो.

अंधार पडेस्तोवर आला नाही.