पान दोनशे बारा, ओळ नऊ

वरच्या कोर्टात माणसं येत नाहीत, पानं येतात.
डेलफिन प्रेजाँ, वय चोपन्न, शाळेच्या भटारखान्यात स्वयंपाकीण,
माझ्याकडे आली ती तीन खंडांत,
कडेला भोकं पाडून.
तिचा आवाज मी ऐकलेला नाही.
एका ठिकाणी टंकलेखिकेनं लिहिलंय, साक्षीदार मान हलवते.
उभी की आडवी, ते राहून गेलंय.

बोमाँटच्या बाहेर, रिफायनरीच्या ज्योतीच्या उजेडात
रात्री अकरा चाळीसला गाडी थांबवली.
गाडी भाच्याची. मागचा दिवा फुटका, तोही भाच्यानंच फोडलेला.
शेजारच्या सीटवर भाच्याचा मित्र,
जो पुढे कुठल्याच पानावर सापडत नाही.
सीटखाली निळा स्वेटर,
स्वेटरात मोज्याचा गोळा,
मोज्यात पुडी.
वजन दोन पूर्णांक तीन दशांश ग्रॅम, प्लॅस्टिक धरून.

सरकार म्हणतं, ताबा.
हा शब्द मी रोज वापरते, रोज तो हातातून निसटतो.
हात पोचेल इतक्या अंतरावर असणं म्हणजे ताबा नव्हे,
आधी ठाऊक हवं, मग आपलं म्हणून बाळगलेलं हवं.
नाहीतर काखेत कळसा घेऊन
गावाला वळसा घालणारे सगळेच आत जातील.

अर्जात मी असं लिहिलं नाही अर्थात.
लिहिलं की स्वेटर पुरुषी, सर्वांत मोठ्या मापाचा,
अपीलकर्ती चार फूट अकरा इंच.
ठसे नाहीत. रोकड नाही.
पळायचा प्रयत्न नाही
(गुडघा बदललेला, पुरावा क्रमांक सहा).
नऊ महिने ती स्वतः कुणाच्या ताब्यात आहे,
ते मात्र कुणाला सिद्ध करावं लागलं नाही.
ही ओळ मी खोडली.

पण पान दोनशे बारा.
शिपाई वाकून स्वेटर उचलतो. अजून उलगडलेला नाही.
आणि ओळ नऊवर ती म्हणते,
हे माझं नाही.

न्यायमूर्ती क्रेंशॉ बाईंनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.
काय नाकारायचं हे तिला आधीच कसं कळलं, वकीलबाई?

माझ्यापुढचा हिरवा दिवा जाऊन पिवळा लागला होता.
इथला नियम असा, की पुरावा पाहायचा
तो निकालाच्या बाजूनं पडणाऱ्या उजेडात.
त्या उजेडात स्वेटरचीसुद्धा सावली
तिच्याच अंगावर पडते.

मी म्हणाले, ती स्वेटरबद्दल बोलत होती. स्वेटर तिचा नव्हताच.
इथे थांबायला हवं होतं.
पण तोंडून गेलं, मेहरबान कोर्ट,
काही लोकांना लहानपणापासून हे पहिलं वाक्य पाठ असतं.
दुकानाच्या दारात. वर्गात कुणाचं पेन हरवलं की.
आत काय आहे हे बघायच्या आधी म्हणायचं असतं ते,
नंतर म्हटलं तर उशीर होतो.

हे रेकॉर्डवर आहे का?

नाही, मी म्हणाले.
लाल दिवा लागला.

निकाल राखून ठेवलाय. सात आठवडे झाले.
काल गेट्सव्हिलच्या तुरुंगातून पत्र आलं, पेन्सिलीनं लिहिलेलं,
तारखेच्या वर तिचा कैदी क्रमांक.
अपिलाविषयी एक अक्षर नाही.

मला नवी कोठडी दिली, ती लिहिते.
गादीची शिवण एका बाजूला उसवलेली आहे,
आत काहीतरी कडक आहे, झोपल्यावर बरगडीला लागतं.
मी हात घातलेला नाही.
सांगायला गेले तर विचारतील, तुला कसं कळलं.
नाही सांगितलं तर गादी माझ्याच नावावर आहे.
तुम्ही कायदा शिकलात.
मी कुठल्या कुशीवर झोपू, तेवढं कळवा.