मागील पानावरून

चिलोएच्या पलीकडच्या आमच्या बेटावर
चर्च लाकडाचं आहे. खिळा एकही नाही, सगळ्या खुंट्या.
पाऊस वर्षाचे तीनशे दिवस त्याला विचारतो,
अजून उभं का?

पाद्री येतो वर्षातून दोनदा, होडीने.
मधल्या काळात देवाचं घर एर्मिंदा चिग्वायच्या हाती:
किल्ली, झाडू, आणि हिशेबाची वही.

ती वही मी पाहिली आहे. छताच्या फळ्या मीच बदलतो,
माझी मजुरी तिथेच पडते.
डावीकडे जमा, उजवीकडे खर्च.
मेणबत्त्या, चाळीस.
संत अंतोनियोच्या नाकाला रंग.
बटाटे, दोन पोती, बार्रियांकडून, नवसाचे.
अक्षर जूनच्या थंडीतल्या मेंढ्यांसारखं,
एकमेकांना बिलगून.

ओविदियो तिचा धाकटा.
साल्मनच्या पिंजऱ्यांवर पाणबुड्या होता.
त्या मंगळवारी त्याची पाळी नव्हती.
दुसऱ्याचं पोर तापाने फणफणलं होतं, म्हणून हा उतरला.
वर हवा देणारं यंत्र बंद पडलं.
आदल्या आठवड्यातही पडलं होतं.
मुकादमाला ठाऊक होतं.

मुकादम रोसामेल अजून पहिल्या बाकावर बसतो.
मार्चमध्ये त्याला नातवंडं झाली, जुळी, दोन्ही धडधाकट.
घंटेचा नवा दोर त्यानेच दिला.
तो जमेला लिहिलेला आहे, मी वाचला,
तिच्याच अक्षरात, शाई न बदलता.

लोक येऊन बसले तिच्या चुलीपाशी.
त्याची इच्छा, म्हणाले.
चांगली माणसं त्याला लवकर हवी असतात, म्हणाले.
एकीने हळूच विचारलं,
कुठला नवस फेडायचा राहिला होता का गं?
एर्मिंदा सगळ्यांच्या कपात उकळतं पाणी ओतत राहिली.
एकाचा कप भरून सांडला, तरी ओतत राहिली.

नवव्या दिवशी, प्रार्थना आटपल्यावर, तिने वही उघडली.
जमेला नाही, खर्चालाही नाही,
मधोमध, शिवणीचा दोरा दिसतो तिथे लिहिलं:
येणे. ओविदियो, वय एकोणीस, पोहण्यात पटाईत.
दुसऱ्याच्या पाळीवर.
देवाकडून.

नोव्हेंबरात पाद्री आला. तरुण होता, मोजे भिजलेले.
वही तपासता तपासता त्याचं बोट त्या ओळीशी थांबलं.
मी शिडीवर, दातांत खुंटी,
हातोडा हवेतच धरून राहिलो.
आता प्रवचन येणार, वाटलं:
परीक्षा, गूढ, स्वर्गातली जागा.
नाहीतर सरळच, हे खोडा, बाई.

त्याने एवढंच विचारलं,
तरी रोज दार उघडता?
ती म्हणाली, न उघडून कसं चालेल, बाबा?
ज्याच्याकडे आपलं येणं आहे
त्याचं दुकान आपण बंद करू नये.

बराच वेळ नुसतं छत गळत होतं
(ती फळी मी अजून लावली नव्हती).
मग त्याने पान उलटलं
आणि कोऱ्या पानाच्या माथ्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं:
मागील पानावरून, येणे बाकी.
खाली सही केली, तारीख घातली.
साक्षीला मला शिडीवरून खाली उतरवलं.

सात वर्षं झाली. आता तिसरा पाद्री आहे.
दर नव्या पानावर ती ओळ पहिली,
मेणबत्त्यांच्याही आधी.
व्याज ती लावत नाही. सूटही देत नाही.
गुडघ्यांवर मात्र रोज बसते, आणि तेव्हा
प्रार्थना करते की तगादा लावते,
पाठीमागून मला कधी कळलं नाही.

परवा म्हणाली, माझ्यामागे वही तू लिही.
म्हटलं, माझं अक्षर फार वाईट, एर्मिंदा.
किल्ली एप्रनला पुसत ती म्हणाली,
वाचणाऱ्याला लागेल.