उतार

आमच्या पाड्यावरून डोंगर दिसत नाही.
आम्ही त्याच्या अंगावरच राहतो,
बैलाच्या पाठीवर गोचीड राहते तसे.
असं अमोसबाबा म्हणायचा, आणि हसायचा,
मोहाच्या फुलांसारखे पिवळट दात दाखवत.

नंदुरबारचा पाळक महिन्यातून एकदा चढून येई.
जीप नाल्यापाशीच सोडावी लागे.
पर्वत म्हणजे देवाची जवळीक, तो सांगे,
सीनायवर ढग उतरला,
होरेबवर वादळानंतर बारीकसा आवाज आला,
आणि सांगता सांगता त्याला धाप लागे.
मागे सागाच्या ओंडक्यावर बसलेल्या बायका
पदराआड कुजबुजत :
देव एवढा जवळ, मग दवाखाना का लांब?

बाबा हसला नाही.
तो प्रश्न त्याने घरी आणला,
सरपणाच्या मोळीसारखा, डोक्यावरून.

तरुणपणी तो दिवाळीत अस्तंब्याला जायचा,
गावच्या टोळीबरोबर, अनवाणी, रात्रभर चढ.
मग नदीत बुडून उठला, नवं नाव घेतलं.
पायांनी नाव बदललं नाही.
चढ समोर आला की पोटऱ्या अजून ओळख द्यायच्या.
एकदा मी विचारलं, वर काय होतं रे?
वारा, म्हणाला.
बऱ्याच वेळाने, चिलीम विझल्यावर :
आणि खालचं सगळं.

तितसच्या पोराला फेफरं आलं ती रात्र माघाची.
पोर लाकडासारखं ताठ, तोंडाशी फेस.
बाबाने बांबू काढला, घोंगडी बांधली,
चौघांनी खांदा दिला.
बॅटरी धरून मी पुढे, अकरा वर्षांची.
काळा दगड पायाखालून सटकायचा
आणि खाली कुठेतरी बराच वेळ वाजत जायचा.
प्रार्थना कुणी केली नाही.
दम पुरला नसता.

खिंडीत उजाडलं.
झोळी खडकावर टेकवून त्यांनी खांदे बदलले.
खाली धुकं, पांढरं, पिंजलेल्या कापसासारखं,
त्यातून साखर कारखान्याची चिमणी तेवढी वर,
आणि लांब तापी, कुणी विसरून गेलेल्या दोरीसारखी.
इतकं ऊन सगळ्यांच्या तोंडावर एकदम पडलं
की सिलवानकाका बोलून गेला :
इथंच बसावं वाटतं.

शिष्यांनाही वाटलं होतं, बाबा म्हणाला.
डोंगरावर त्याचं तोंड असंच उजळलं,
तेव्हा म्हणाले, इथंच झोपड्या बांधू. तीन.
मग?
मग काय. खाली एक पोर आजारी होतं.

बाबाने बांबूखाली खांदा घातला.

पोर वाचलं. डावा हात मात्र अधू राहिला.
त्या हाताने आता ते शेळ्यांना पाला दाखवतं,
उजव्याने पत्ते पिसतं, आणि लबाडी करतं.
पाळकाने पुढच्या खेपेला विचारलं म्हणे,
मोहरीएवढ्या विश्वासाने डोंगर हलतो,
तुम्ही कधी हलवलाय का?
बाबा खांद्यावरचा घट्टा खाजवत राहिला.
त्याला वाटलं, पाळक थट्टा करतोय.

त्याला पुरलं तेव्हा खड्डा गुडघ्याएवढाच झाला,
पुढे नुसता खडक.
पहार उडायची, ठिणग्या पडायच्या.
शेवटी वरून दगड रचले.
डोंगराने त्याला आत घेतलं नाही पुरतं,
की सोडलं नाही,
मला अजून ठरवता येत नाही.

मी म्हसावदला दवाखान्यात असते.
इथून डोंगर दिसतो,
केळीच्या बागांपलीकडे, निळा,
कॅलेंडरवर असतो तितका गुळगुळीत.
नवे डॉक्टर संध्याकाळी चहा घेऊन बाहेर येतात,
म्हणतात, सिस्टर, किती शांत वाटतं नाही याच्याकडे बघून?
मी हो म्हणते.

रात्रपाळीला मात्र खिडकी उघडी ठेवते.
काळ्या उतारावर कधी एक ठिपका हलतो,
थांबतो (खांदे बदलत असतील),
पुन्हा हलतो.

मी पाणी उकळायला ठेवते.