पाण्याची पाळी

तांब्याची वाटी, बुडाला सुईएवढं भोक.
पाण्याच्या पातेल्यात ती तरंगत सोडायची
आणि बघत बसायचं.
एवढंच माझं काम.

भरते, डुबते, तळाला टेकताना
टुक् असं काहीतरी म्हणते.
मी एक खडा डावीकडून उजवीकडे ठेवतो.
बारा खडे झाले की हाक देतो:
सकीने, तुझं झालं. आता बरातअली.
खाली अंधारात कुणीतरी फावड्यानं
एक बांध फोडतं, दुसरा घालतं.

खोरासानच्या या कडेला नदी नाही.
पाणी येतं डोंगराच्या पोटातून, दोन कोस भुयारातून.
ते पहिल्यांदा कुणी खणलं, ठाऊक नाही.
नावच नाही, म्हणून नावावरून भांडणही नाही.

डाळिंबं उतरली की सफदर आणि त्याचे पुतणे
गाळ काढायला खाली जातात,
पांढरे कपडे घालून.
छत बसलं तर कफनाचा वेगळा खर्च नको,
सफदर म्हणतो, हसतो, खोकतो, उतरतो.
वर रहाट धरणारे त्या दिवशी
वर्षाचा अबोला मोडतात.
दोराच्या त्या टोकाला माणूस असतो.

आजोबांच्या वेळी एक खान आला.
अकरा घोडे, बंदुका,
आणि त्याच उन्हाळ्यात त्याला बाग हवी होती.
म्हणाला, आजपासून पाणी माझं.
आजोबा म्हणाले, घ्या. वाटीपाशी कोण बसणार?
खानानं शिपाई बसवला.
तिसऱ्या रात्री शिपायाला डुलकी लागली,
वाटी तळाशी पडून राहिली
आणि अख्खी रात्र एकच घटका झाली.

पुढं गाळ साचला.
सफदरच्या पणज्याला चाबूक दाखवून उतरवलं.
तो वर आला, कपडे झटकले, म्हणाला,
खाली सगळं ठीक आहे, सरकार.

दोन हिवाळ्यांत पाणी बोटाएवढं झालं.
खानाची घटका भरली, असं लोक अजून सांगतात.
आजोबांनी त्याच्यासाठी वेगळी वाटी सोडली नव्हती.
त्याच्या बागेची भिंत आहे उभी.
बायका तिच्यावर तुती वाळवतात.

हुशंगचं तर मी डोळ्यांनी पाहिलं.
शिकलेला पोरगा, मनाचा वाईट नाही.
दोनशे हात खोल विहीर, डिझेलचा पंप,
नजर पोचेल तिथवर पिस्ते.
मला म्हणाला, काका, वाटी आता फडताळात ठेवा.
सात वर्षं रात्रंदिवस पंप धडधडत होता,
आम्हाला टुक् ऐकू यायचं नाही,
म्हणून डोळ्यांनी मोजायचो.
आठव्या वर्षी पंपातून खारं पाणी आलं.

तो एका रात्री येऊन शेजारी बसला.
बोलला नाही. मीही नाही.
पहाटे यादीत त्याचं नाव घातलं, सगळ्यात खाली:
गुरुवार, दोन वाट्या.
आता शुक्रवारची मध्यरात्र तो सांभाळतो.
फार मोठ्यानं मोजतो. सांगून पाहिलं.

मी काही पीर नाही.
मुलीचा द्राक्षमळा सुकत होता त्या साली
बारावर तेरावी वाटी मी तिच्यासाठी सोडली होती.
समोर बरातअलीची म्हातारी बसली होती,
तिनं नुसतं खाकरलं.
मी वाटी काढून घेतली.
म्हणून दोघं बसायचं असतं.
चांगुलपणा एकट्याला रात्रभर पेलत नाही.

हल्ली मला दिसत कमी,
पण कान शाबूत आहेत.
समोर सकीनेचा नातू आहे, इस्फंदियार.
त्याला मोठ्ठा इंजिनिअर व्हायचंय,
धरण बांधायचंय, त्यावर स्वतःचं नाव.
होऊ दे की. तोवर
कोपरानं ढोसून मी त्याला जागं ठेवतो.
मी पेंगलो की तो मला.

आणखी एक सांगणार होतो, त्या खानाच्या
थांब.
बुडाली.
ठेव खडा.