फिटिंग

बॅरोच्या त्या गल्लीत दोन वर्षं राहिलो.
खाली एनिड पोस्लथ्वेटचं आल्टरेशनचं दुकान,
वर मी, आणि छताला एक पिवळा दिवा.
भाडेकरारात त्याची वेगळी ओळ होती.
फिटिंग्ज: पडद्याची दांडी, नळ, दिवा.
जाताना हे न्यायचं नाही.

नवरा आयझॅक गोदीत फिटर.
एकोणचाळीस वर्षं पाणबुड्यांच्या पोटात वाकून
पाइपाला पाइप जोडत गेला.
केसाएवढी फट राहिली तरी समुद्र आत येतो,
एवढंच त्याचं तत्त्वज्ञान,
तेही बटाटे सोलताना सांगितलेलं.
घरातला नळ मात्र ठिबकायचा.
‘तो कुठे बुडणार आहे,’ म्हणायचा.

एनिडच्या ओठांत कायम टाचण्या,
त्यामुळे बोलणं थोडं, आणि टोचणारं.
गिऱ्हाईक स्टुलावर, ती गुडघ्यांवर, हातात खडू:
‘श्वास सोडा. पोट आत ओढू नका.
कापडाला सगळं कळतं.’

मार्चमधल्या एका गुरुवारी
खालून तिची हाक आली, चिरकलेली:
‘ही इज फिटिंग! कॉरिन इज फिटिंग!’
मी ऐकलं.
मी चहात दूध घातलं.
नातवाची शाळेची पँट असेल, म्हटलं,
चाललं असेल मापाचं.

फिट येणं मला नवं नव्हतं.
आमच्या आळीत ती यायची,
कांदा हुंगवायचे, कुणी चप्पल शोधायचं.
पण त्या शब्दाला शेपूट लागलं की
तो शिंप्याचा होतो, अशी माझी समजूत.

दुसऱ्या हाकेला उतरलो.
पोरगा जमिनीवर, कुशीवर.
पँटचा एक पाय टाचलेला, एक मोकळा,
टाचा फळ्यांवर वाजत होत्या.
आयझॅक घड्याळाकडे बघून मिनिटं मोजत होता,
आणि एनिड त्या उडत्या पायातून
एकेक टाचणी काढत टाचण्या मोजत होती.
अकरा.
बारावी सापडेना.
रुग्णवाहिका आली, गेली, पोर शुद्धीवर येऊन बिस्किट मागू लागलं,
तेव्हा कळलं, बारावी तिच्या ओठांतच होती.
तिच्यासकट ती ओरडली होती.

मी आयझॅकला दूध घातल्याचं सांगितलं.
तो म्हणाला, ‘तुमच्यात काय म्हणतात फिटण्याला?’
म्हटलं, आमच्यात फिटतं ते कर्ज,
फिटते ती गाठ. पांग फिटतात.
डोळ्यांचं पारणं फिटतं, ते मात्र समजावता येणार नाही.
तुमचं फिटतं म्हणजे बसतं,
आमचं फिटतं म्हणजे सुटतं.
त्याने हवेत पाना फिरवून बघितला.
‘म्हणजे उलट्या आट्या,’ म्हणाला.
‘असतात तशा. गॅसच्या नळकांड्याला.’

पुढच्या हिवाळ्यात तो गेला.
फुप्फुसं. अंगाचं अर्धं झालं होतं.
अंत्यविधीवाल्याने सांगितलं, सूट मागून टाचून टाकू,
मागचं कोण बघतं?
एनिड रात्रभर शिवत बसली.
बाह्या, खांदे, पाठीची मधली शिवण.
खडू लावायला ती त्या थंड खोलीत
दोनदा जाऊन आली.

चर्चमध्ये पाद्री म्हणाला,
आज गोदीवर धुकं उतरावं, हे किती समर्पक.
इंग्रजीत तोच शब्द.
एनिड माझ्याकडे वाकली:
‘धुक्याला शिव्या घालायचा तो.’

मी निघालो त्या दिवशी स्टुलावर कॉरिन होता,
आता तिच्याहून उंच.
त्या पँटच्या आत तिने चार बोटं कापड ठेवलं होतं,
ते उसवून खाली सोडत होती.
जुन्या दुमडीची रेघ इस्त्रीने जात नव्हती.
शेवटच्या महिन्याचं भाडं मी टेबलावर ठेवलं.
तिने मोजलं, वीस पौंड परत दिले,
का ते सांगितलं नाही. तोंडात टाचण्या होत्या.

आत नळ ठिबकत होता.
कुणाला हात लावू देत नाही ती.