त्रेसष्ट नंबर

सकाळी सातच्या आत उरकावं लागतं.
तेलसंगच्या वाटेला ऊन लवकर चढतं, पराग मरतो.
भरमव्वा शिडीवर, मी खाली वही धरून.
केळफुलाची एकेक पाकळी ती मागं सारते,
कासारीण बांगडी चढवते तशी, दुखू न देता,
मग ब्रश, मग पिशवी, मग चिठ्ठी:
आई जवारी, अथणीकडची.
बाप बियांचा, खानापूरच्या रानातला.
“सोयरीक लांबची हाय,” ती वरून म्हणते,
“मानपान कोण बघणार?”

गोड केळात बी नसतं.
आपणच खाऊन खाऊन ते घालवलं,
आणि आता घडाघडापुढं तेच मागत उभे आहोत.
गेल्या साली नऊशे केळी चाळणीवर कुस्करली.
एकतीस बिया. त्यांतल्या चौदा पोकळ.

पाच सालांची मिळून ऐंशी झाडं झाली तेव्हा
चैत्रात पाणी तोडलं.
तोडलं म्हणजे मीच कॉक बंद केला
आणि त्याला कुलूप घातलं,
रात्री मलाच मोह होईल म्हणून.

दुपारी पान मिटतं. त्याचं काही नाही.
संध्याकाळी उघडतं का, तेवढं लिहायचं.
बाराव्या दिवशी निम्मी उघडली.
तिसाव्या दिवशी सहा.
पन्नासाव्या दिवशी एकच, त्रेसष्ट नंबर,
आणि त्यात नवा पोगा, हिरवी सुरळी,
बोटाएवढी वर आलेली.

मला आनंद नाही झाला. संशय आला.
खुरपं घेऊन बुंध्याशी बसलो,
कोपरापर्यंत माती उकरली.
भाजलेल्या विटेचा भुगा.
ओल कुठंच नाही.

मागं भरमव्वा उभी होती.
डबा धुतलेलं पाणी ती कुठं ओतते,
हे मी कधी विचारलं नव्हतं.
तिनंच सांगितलं, दुसरीकडं बघत:
“त्याला नव्हं. चौपन्नाला घातल्यालं.
रोज तांब्याभर.
लहान होतं ते.”
मग थोड्या वेळानं,
“तरी मेलं की.”

चौपन्नाच्या ओळीवर मी आडवी रेघ मारली.
कारण लिहायचं होतं शेजारी.
लिहिलं नाही.

त्रेसष्टाचा घड पुढच्या वर्षी उतरला.
चार फण्या, करंगळीएवढी फळं.
चव: तुरट. बिया: एका केळात अकरा.
साहेब म्हणाले, बाजारात कोण घेणार हे?
भरमव्वानं सगळं केळ खाल्लं,
बिया तळहातावर थुंकल्या,
दोनदा मोजल्या,
आणि शिडी उचलली.